तू दिलीस तीही ओढ

लातूर जिल्हा झाला याचा आनंद लातूरकरांना किती झाला असेल तो असो, आमच्या घरात तो एकट्या बाबांना झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवी कचेरी म्हणजे नव्या खुर्च्या, आणि त्यांतली एक अव्वल कारकुनाची खुर्ची बाबांच्या वाट्याला आली. नांदेडला ते नुसते कारकून होते. बढतीचा हुकूम घेऊन ते घरी आले, पेढ्यांचा पुडा मायच्या हातात दिला आणि हातपाय न धुताच ओट्यावर बसून राहिले. मायने एक पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि विचारलं, "तिथं पाणी हाय का?" बाबा म्हणाले, "जिल्हा झालाय आता. पाणी बी येईल की." "म्हंजे न्हाई," असं म्हणून माय आत गेली.

आमचं नांदेडचं घर गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. पहाटे गुरुद्वारातलं कीर्तन, मग नदीवर धुणं आपटण्याचे आवाज, मग बाबांचं खाकरणं, या क्रमाने आमचा दिवस उगवायचा. लातूरला आम्ही एका आडत व्यापाऱ्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत उतरलो. मालकांना सगळे अप्पा म्हणायचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. खोली देण्याआधी त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आडनाव ऐकून काही वेळ तराजूच्या काट्याकडे बघत राहिले आणि मग नोकरी विचारली. 'कलेक्टर कचेरीत' म्हटल्यावर त्यांनी किल्ली काढून दिली. त्या वर्षी शहरात कचेऱ्या भराभर उघडत होत्या आणि बाहेरगावचे नोकरदार हातात ट्रंका घेऊन खोल्या शोधत फिरत होते. जिथे पूर्वी आम्हाला दारातूनच परत लावलं असतं, तिथे आता नकाराच्या आड महिन्याचं भाडं यायचं. पलीकडे डाळीची मिल होती. ती दिवसभर घरघरायची आणि तुरीच्या भुशाचा वास आमच्या भाकरीलाही लागायचा. नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी यायचं. ते आलं की माय धपाट्याचं भिजवलेलं पीठ परातीत तसंच सोडून घागर घेऊन पळायची, आणि बाबा मान खाली घालून पेपर वाचायचे.

नांदेडला मी काय सोडून आले होते, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचं नाव मिलिंद. लोह्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्याच कॉलेजात सायन्सला, आमच्याच समाजातला. म्हणजे अडचण जातीची नव्हती. अडचण अशी होती की आमच्याकडे मुलींसाठी स्थळं असत, माणसं नसत. माझ्या सायकलची चेन एकदा वाटेत निघाली आणि त्याने ती बसवून दिली; त्यानंतर ती वरचेवर निघू लागली, त्यात सायकलचा दोष थोडाच होता. मिलिंदचा स्वभाव असा की विचारलेल्या प्रश्नाचं तो पूर्ण उत्तर देई. 'कसा आहेस' म्हटलं तर परवाचा ताप, त्यावरची गोळी आणि त्या गोळीचा रंगही सांगायचा. गोड बोलणं त्याला बिलकुल जमत नसे. आम्ही लातूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी तो कॉलेजच्या फाटकाशी भेटला. "लातूरला नोकऱ्या निघून राहिल्या म्हणे," एवढंच बोलला. मग सायकलवर टांग टाकून म्हणाला, "येतो." आपल्याकडे जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, तो 'येतो' म्हणतो आणि जातो. एवढं कळण्याइतकी मी मोठी होते, तरी तो शब्द मी जसाच्या तसा धरून बसले.

बी.ए.ला आम्हाला प्रेमकविता होत्या. त्यांत चांदणं होतं, बकुळ होती, नदीकाठी वाट बघणारी कुणी सखी होती आणि तिला दुसरं काहीही काम नव्हतं. मला त्या कविता मनापासून आवडत. मात्र हातात रिकामी घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली एकही बाई त्यांत सापडेना. मग घरात शोधावं तर मायच्या जात्यावरच्या ओव्यांत ओढ भरपूर होती, पण सगळी भावाची आणि माहेराची. नवऱ्याची आठवण येते असं म्हणायची रीतच नव्हती. त्याच्यासाठी आयुष्य मागायचं, तो आवडतो असं मात्र म्हणायचं नाही. बाबांच्या तोंडी जयंतीची गाणी, आणि त्यांत झोपलेल्यांना जागं करायचं एवढं मोठं काम की प्रेमाला जागा कुठून उरणार. पुढे आयुष्यभर मी हेच विषय पोरांना शिकवले, म्हणून आता सांगू शकते. घर आणि कॉलेज यांच्यामध्ये जो रस्ता असतो, तो आमच्या आधीच्या बायकांना नव्हता. त्यांचे रस्ते पाण्याचे, सरपणाचे आणि दुष्काळात खडीचे. आम्हाला तो रस्ता मिळाला, तेव्हाच कुठे कुणाकडे मागे वळून बघायची सोय झाली आणि मगच कविता आली. विरहसुद्धा बदलला. पूर्वीचा विरह लढाईवर गेलेल्या नवऱ्याचा. आमचा सरकारी हुकमाने, जावक क्रमांक घालून आला. नात मला विचारते, "आजी, तुमच्या वेळी प्रेमात काय आड यायचं?" मी म्हणते, "बदली." तिला वाटतं मी थट्टा करते.

आम्ही लातूरला आल्याच्या पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली. मृगाच्या सरी आल्या तशा गेल्या आणि मग आभाळ रोज दुपारी भरून यायचं, संध्याकाळी मोकळं व्हायचं. मिलिंदचाही पत्ता नव्हता. मी आमच्या गल्लीतल्या हापशाच्या रांगेत उभी असताना पुढची बाई वर बघून पावसाशी भांडल्यासारखी म्हणाली, "मेल्या, येतो येतो म्हणतोस अन ओढ देतोस." मला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ओढ पाऊस देतो आणि ओढ माणसाला लागते, आणि दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे, हे मला त्या दिवसापर्यंत जाणवलं नव्हतं. पाऊसही 'तो', मिलिंदही 'तो'. माझा नंबर येईपर्यंत कविता झाली होती.

*येतो म्हणालास, येतो म्हणालास,*
*मी दार लावलं नाही, घागर पालथी घातली नाही.*
*आभाळाकडे बघता बघता मान अवघडली,*
*गावाने विचारणंही सोडलं.*
*तू दिलीस तीही ओढ,*
*मला लागली तीही ओढ.*

जिल्ह्याच्या वाढदिवसाला एका शाळेच्या मैदानात कविसंमेलन ठेवलं होतं. बाबांनी कचेरीतल्या ओळखीने माझं नाव घातलं. मी चाचरत कविता म्हटली आणि शेवटच्या दोन ओळींना एवढ्या टाळ्या पडल्या की मी घाबरून मागे सरकले. अध्यक्ष बाहेरगावचे नावाजलेले कवी होते. ते म्हणाले, "या मुलीने दुष्काळाला माणूस केलं." खरं तर मी माणसाला दुष्काळ केला होता. पण ते सांगावं कसं, आणि कुणाला? पहिल्या रांगेत बाबा बसले होते. नोकरी लागण्याआधी, बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात, त्यांनी तळ्याच्या कामावर खडी फोडली होती, मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी खाल्ल्या होत्या, आणि ते दिवस कुणीतरी कागदावर उतरवावेत ही त्यांची फार जुनी इच्छा होती. घरी येताना ते मध्येच थांबून म्हणाले, "घागर पालथी घातली न्हाई. अगदी असंच व्हतं बघ, सुजाता." त्यांचा आनंद मोडायचा धीर मला झाला नाही.

कविता पेपरात आली. वर मोठ्या अक्षरांत 'दुष्काळाची कविता' असं लिहिलेलं, म्हणजे कुणाला शंका उरू नये. तो पेपर उदगीरला एका निवृत्त हेडमास्तरांच्या हाती पडला. हे हेडमास्तर आमच्या समाजातले मानाचे गृहस्थ, आणि त्यांचा मुलगा नव्या जिल्हा परिषदेत विस्तार अधिकारी. मुलगी दुष्काळावर लिहिते म्हणजे विचारांची आहे, असं त्यांचं मत पडलं आणि ते मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा वाईट नव्हता. त्याने पोहे संपवले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि लातुरातल्या बोअरची खोली किती गेली यावर बाबांशी बोलत राहिला. जाताना हेडमास्तर म्हणाले, "नांदेडला आमच्या मंडळाचं कविसंमेलन हाय. पोरीनं तिथं हीच कविता वाचावी. तिथंच चार माणसांत सुपारीचं जाहीर करून टाकू." बाबा त्यांना पार रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. पावसाची म्हणून वाखाणलेली माझी कविता मला भलत्याच माणसाच्या घरी पोचवायला निघाली होती. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

आणि त्याच आठवड्यात मिलिंद आला. नव्या कचेरीत मुलाखतीला त्याला बोलावणं होतं. मुलाखत देऊन तो पत्ता विचारत घरी आला. नांदेडचा वर्गमित्र म्हणून मी ओळख करून दिली आणि आत चहा ठेवायला गेले. आत आणि बाहेर यांच्यामध्ये नुसता पडदा होता.

बाबांनी विचारलं, "लोह्याकडं पाऊस कसा हाय?"

मिलिंदने सवयीप्रमाणे पूर्ण उत्तर दिलं. "मृगात एक बरा पडला, काका. मग न्हाई. मूग गेला, उडीद गेला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळून राहिली. कापूस तेवढा तग धरून हाय. हिरीचं पाणी तळाला गेलंय, मोटार घटकाभर चालती अन बंद पडती."

"अवघड हाय," बाबा म्हणाले.

"हाव. सुजाताची कविता वाचली पेपरात. लई बराबर लिहिलंय. आमच्या दादाला वाचून दाखवली. दादा म्हणला, ह्या पोरीनं शेतकऱ्याचं दुःख वळखलंय."

बाबा खूश झाले. आत मी चहाच्या आधणाकडे बघत उभी होते. ज्याच्यासाठी ती लिहिली, त्यानेही ती पावसावरची म्हणून वाचली होती आणि वर भावाला ऐकवली होती. आज आठवलं की मला हसू येतं. तेव्हा मात्र त्या कपबशा त्याच्या अंगावर फेकाव्यात असं वाटलं. माय चुलीपाशी बसली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दूध उतू चाललंय, कुठं ध्यान हाय तुझं?" आणि फडक्याने पातेलं उतरवताना तिने एकदा पडद्याकडेही बघितलं.

मी चहा नेला तेव्हा बाबा सांगत होते, "हिचं बी जमत आलंय. उदगीरचं स्थळ. विस्तार अधिकारी हाय मुलगा. तू ये की नांदेडला संमेलनाला, तिथंच सुपारी जाहीर करायची हाय." मिलिंदने बशी तोंडापर्यंत नेलेली तशीच खाली ठेवली. "बरं झालं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात आखूड उत्तर होतं. चहा अर्धा टाकून तो उठला आणि चपला घालताना सवयीने "येतो" म्हणाला. त्याचं तोंड उतरलेलं मी पाहिलं, आणि वाईट वाटण्याऐवजी मला फार बरं वाटलं.

संमेलनाला आम्ही तिघं एसटीने गेलो आणि मायच्या चुलतबहिणीकडे उतरलो. सभागृह भरलं होतं. बाबा पुढे हेडमास्तरांच्या शेजारी, माय बायकांच्या बाजूला, आणि अगदी मागे, दाराजवळच्या खांबाला टेकून मिलिंद. हेडमास्तरांनी माझी ओळख करून दिली, "दुष्काळाची कविता लिहिणारी आपली लेक." मी माइकपाशी आले. आता वाचून मोकळी झाले की सुपारी फुटणार आणि मागच्या मागे मिलिंद लोह्याची गाडी पकडणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, "ही कविता पावसावर नाही. यातला 'तू' म्हणजे माणूस आहे. ही प्रेमाची कविता आहे."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आमच्या समाजाच्या व्यासपीठावरून त्या काळी मुलगी कविता वाचायची ती लढ्याची. मधल्या रांगेतून खादीचा शर्ट घातलेला एक तरुण उभा राहिला. तो उद्धट नव्हता, खरोखर दुखावलेला होता. तो म्हणाला, "ताई, माफ करा. आपली माणसं तिकडं खडी फोडून राहिली, टँकरमागं पळून राहिली. अन आपण इथं प्रेमाच्या कविता ऐकायच्या का?"

प्रश्न खोटा नव्हता. मी खाली उतरायला वळले, तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा उठले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. ते माइककडे आले नाहीत, जागेवरूनच त्या तरुणाकडे तोंड करून बोलले.

"खडी म्या फोडली हाय, पोरा. तळ्याच्या कामावर व्हतो म्या, अन हिची माय पार उमरीकडं, रस्त्याच्या कामावर. सुकडी मिळायची, मिलो मिळायचा. पोट कधी भरायचं, कधी न्हाई. पण हिच्या मायची आठवण रोज यायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. हातोडा हाणायचा अन गप बसायचं." मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "मला वाटलं, लेकीनं माझा दुष्काळ लिहिला. तिनं तिचा लिहिला. वाचू द्या तिला."

बायकांच्या बाजूला मायने पदर तोंडावर ओढून घेतला. शेजारच्या बाईला ती काहीतरी म्हणाली आणि त्या दोघी हसल्या. मी कविता वाचली. टाळ्या लातूरपेक्षा कमी पडल्या. तो तरुणही टाळ्या वाजवत होता, जरा नाइलाजाने. मागे बघितलं तर मिलिंद खांब सोडून सरळ उभा राहिला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर, उशिरा गणित सुटलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असतो तसा भाव होता.

चहाच्या वेळी हेडमास्तर बाबांजवळ आले. बाबा हात जोडणार तेवढ्यात त्यांनी ते हात धरले आणि म्हणाले, "साहेब, कविता आम्हाला आत्ता कळली. चांगली हाय. पण आमचा पोरगा विस्तार अधिकारी हाय, पाऊस न्हाई." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून ते पुढच्या कवीची सोय बघायला गेले. स्थळ तिथेच मिटलं. पुढे कितीतरी वर्षं ते मला दिवाळी अंक पाठवत राहिले.

बाबा माझ्याशी मात्र काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मावशीकडे जेवतानाही नाही. मायने येसराची आमटी केली होती. न विचारता तिने ती बाबांच्या ताटात दुसऱ्यांदा वाढली आणि म्हणाली, "एवढ्या माणसांत बोलायचं व्हतं व्हय?" बाबा म्हणाले, "एकट्यात कधी ऐकलंस?" एवढंच. त्या दोघांचं आपसात मिटलं, माझं कुठे काय झालं ते कळत नव्हतं. माझ्याकडे बघायचं बाबा टाळत होते, आणि सभागृहातलं ते सगळं बोलणं मायसाठी होतं, माझ्यासाठी नव्हतंच, अशी मला भीती वाटू लागली.

सकाळी स्टँडवर लातूरच्या गाडीत बसलो तर गाडी सुटता सुटता मिलिंद चढला. लोह्याला जायला तीच गाडी. त्याने बाबांना नमस्कार केला, बाबांनी मान हलवली. बसायला जागा नव्हती. तो दांडा धरून उभा राहिला आणि बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. दोन्हीकडे वाळलेली ज्वारी होती, मध्येच रस्त्याच्या कामावर माणसं बसलेली, बायकांनी डोक्यावर पदर घेऊन उन्हाकडे पाठ केलेली. माय तेवढी शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी काढून म्हणाली, "खातो का रे?" आणि त्याने ती उभ्यानेच खाल्ली.

लोहा आलं. तो उतरला. उतरून पुढे न जाता आमच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. बाबांनी खिडकीची काच वर सरकवली.

"काय रे," ते म्हणाले, "पाऊस कसा हाय तुमच्याकडं?"

मूग, उडीद, हिरीचा तळ, काहीही आलं नाही. मिलिंदने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "येतो, काका."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तसं बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"नुसता येतो म्हणून ओढ देऊ नगंस म्हंजे झालं."